दोन लिप्यांत लिहिलेले गाव

इतिहासाचा विषय निघाला की आपल्या समाजातली चर्चा बहुधा तख्तापाशी जाऊन थांबते. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल. काहीजण या नावांचा अभिमान बाळगतात, तर काहीजणांना याच नावांचा जाब चौकात द्यावा लागतो. वास्तविक पाहता महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमानांचे पूर्वज कधी तख्तावर बसले नव्हते आणि तख्ताशेजारीही उभे नव्हते. ते गावात होते. कुणी मुलाणा, कुणी मुजावर, कुणी तांबोळी, आतार, बागवान, मणियार, पिंजारी, मोमीन. कोकणात कुणी भातशेती करी, कुणी मचव्यावर तर कुणी आगबोटीवर होता. या माणसांचा इतिहास दिल्लीच्या तवारिखांत सापडणार नाही. तो गावातच शोधावा लागेल, आणि गावातल्या माणसांनीच शोधावा लागेल.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. बालभारतीचे पुस्तक उर्दूत असते. त्यात देश असतो, राज्य असते, पण मुलांचे गाव नसते. त्याबद्दल पाठ्यपुस्तकाला दोष देता येणार नाही. चाळीस हजारांवर गावांच्या राज्यात प्रत्येक गावाचा धडा कोण लिहिणार? तो धडा लिहिण्यासाठी गावात इतिहास मंडळ हवे. असे मंडळ काय करते, आपल्याकडे त्याची परंपरा कोणती आणि मुस्लिम समाजाने त्यात का शिरावे, हे या लेखात मांडायचे आहे.

खेड्याचे इतिहास मंडळ म्हणजे काय

इंग्लंडात लहान लहान खेड्यांतही इतिहास मंडळे आहेत. त्यांचे सभासद प्राध्यापक नसतात. निवृत्त शिक्षक, शेतकरी, पोस्टमन, गृहिणी असे लोक महिन्यातून एकदा गावच्या सभागृहात जमतात. एखादे व्याख्यान होते. जुने फोटो गोळा करून त्यातल्या माणसांची नावे मागे लिहिली जातात. कबरीच्या दगडांवरची अक्षरे पावसाने पुसून जाण्याआधी उतरवून घेतली जातात. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित होतात. वर्षाकाठी एखादी पुस्तिका निघते, एखादे प्रदर्शन भरते.

या कामाला त्यांच्याकडे मोठा आधार आहे. इ.स. १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी लागली. त्यामुळे ज्या मजुराचे नाव कुठल्याही बखरीत आले नाही, त्याचा जन्म, लग्न आणि मृत्यू त्या वहीत सापडतो. १८९९ साली तिथे परगण्यांचा इतिहास गावागावानुसार लिहिण्याची मोठी योजना सुरू झाली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५९ मध्ये हौशी संशोधकांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. शेताचे बांध, जुने रस्ते, कुंपणे हीही इतिहासाची साधने आहेत, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवले.

हे वाचून कुणी म्हणेल, तिकडची गोष्ट वेगळी. परंतु महाराष्ट्रात हे काम परके नाही. वि. का. राजवाडे कागदपत्रांच्या शोधात घरोघर हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवरून आणि अडगळीतून त्यांनी दप्तरे बाहेर काढली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि पुढे एकूण बावीस खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. ज्याला कागद सापडेल त्याने तो सभेत आणावा, वाचावा, त्यावर वाद व्हावा आणि मग तो छापावा, अशी मंडळाची रीत होती. १९२६ मध्ये राजवाडे धुळ्यात वारले, तेव्हा तिथेही त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांची मते आपल्याला पटोत वा न पटोत. मुसलमानांविषयी त्यांनी जे लिहिले त्यातले बरेच पटण्यासारखे नाही. पण कागद जपावा कसा, हे त्यांच्याकडून शिकायला हरकत नसावी.

गावाच्या नावापासून सुरुवात

इतिहास मंडळाचे पहिले काम पैशाविना होते. गावाचे नाव घ्यावे आणि वाचावे. पुण्यात कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द अशी जोडगावे आहेत. महाराष्ट्रभर अशा जोड्या आढळतात. खुर्द म्हणजे फारसीत लहान. बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, मोठा. सातबाऱ्यावर 'मौजे' लिहितात तो अरबी 'मौजा', म्हणजे जागा. कसबा, परगणा, तर्फ, तालुका, जिल्हा हे सगळे शब्द त्याच वाटेने आले. आडनावे पाहावीत. फडणीस म्हणजे फर्दनवीस. चिटणीस आणि पोतनीस यांच्या शेवटी असलेला 'नीस' हाच तो 'नवीस', लिहिणारा. ही आडनावे आज ज्या घरांची आहेत ती घरे मुसलमान नाहीत, हे लक्षात घ्यावे. ही भाषा एका धर्माची मिरास नव्हती. ती कारभाराची भाषा होती आणि सर्वांच्या तोंडी बसली होती. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी गावच्या कागदात इनाम, वतन, सनद, ताकीद, दप्तर हे शब्द पुढेही राहिले.

आणखी एक नमुना पाहा. मराठी मोडी कागदांवर शुहूर सन असतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. 'खमस सबैन अलफ' म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, म्हणजे १०७५. त्यात ५९९ मिळवले की १६७४ येते, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे साल. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांसाठी ५९९ ऐवजी ६०० मिळवावे लागतात. पेशवाईतल्या पत्रांवर रबिलावल, साबान, रमजान या महिन्यांच्या तारखा सर्रास दिसतात. पत्र ब्राह्मण कारकुनाचे, पावती मराठा पाटलाची आणि तारीख हिजरी महिन्याची. मदरशात अरबी आकडे शिकलेले आपले मूल अशा कागदाचे साल वर्गात उभे राहून सांगू शकते. मी हे फळ्यावर लिहून मुलांना विचारले आहे. 'हे तर आपलेच आकडे' असे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते शंभर भाषणांनी येत नाही.

महजर: गावाची सही

गावात वतनाचा, हद्दीचा, मानपानाचा तंटा झाला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा कागद होई. त्याला महजर म्हणत. अरबीत याचा अर्थ हजर असणे. महजराच्या आरंभी 'हाजीर मजालस' म्हणून उपस्थितांची यादी असते. त्यात देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी असतात, बलुतेदार असतात आणि अनेक महजरांत काझीही असतो. ज्याला लिहिता येत नाही तो निशाणी करतो. पाटलाचा नांगर असतो, इतरांच्या धंद्याच्या हत्यारांच्या खुणा असतात. एका पानावर मोडीतला मजकूर, वर फारसी शिक्का आणि खाली नांगर. गाव कसे चालत असे, याचे याहून बोलके चित्र मला माहीत नाही.

बलुतेदारांच्या याद्या गावोगाव बदलतात, पण त्यांत मुलाणा बरेच वेळा येतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिले, त्यातही तो आहे. बकरे हलाल करणे, मशिदीची देखभाल, गावच्या पिराची दिवाबत्ती हे त्याचे काम आणि त्याबद्दल खळ्यावर त्याचे बलुते. म्हणजे गावगाड्यात मुसलमान पाहुणा नव्हता. त्याचे काम ठरलेले, त्याचा हक्क ठरलेला आणि तो हक्क देणारे हिंदू कुणबी. 'तुम्ही बाहेरून आलात' असे म्हणणाऱ्याला उत्तर देण्यासाठी आवाज चढवण्याची गरज नाही. बलुत्याची नोंद पुढे ठेवली की पुरे.

दोन लिप्या, दोन वाचक

आता खरी अडचण सांगते. गावचा जुना कागद एकट्या मोडीत नाही आणि एकट्या फारसीतही नाही. मराठवाड्यात तर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते, तिथले महसुली कागद उर्दूत आहेत. मोडी वाचणारा फारसी शिक्क्यापाशी थांबतो. उर्दू वाचणारा मोडीच्या गिचमिडीपाशी थांबतो. शिवाय उर्दू येते म्हणून फारसी सनद वाचता येईल असेही नाही. सनदा बहुधा शिकस्ता वळणात असतात. नुक्ते गाळलेले, अक्षरे एकमेकांत गुंतलेली. त्याला वेगळा सराव लागतो.

हे ओळखून ग. ह. खरे यांनी फारसी आत्मसात केली आणि 'ऐतिहासिक फारसी साहित्य' ही खंडमाला मंडळातर्फे संपादित केली. नवशिक्यांसाठी त्यांनी 'संशोधकाचा मित्र' हे पुस्तकही लिहिले. सेतुमाधवराव पगडी यांनी उर्दू आणि फारसी साधने मराठीत आणली. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर पुस्तक लिहिले. डॉ. यू. म. पठाण यांनी सूफी आणि संत साहित्यावर आयुष्यभर काम केले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' मराठी वाचकांपुढे राहिला तो अशा अभ्यासकांमुळे. परंतु हिशेब मांडून पाहावा. हिंदू अभ्यासकांनी आपली फारसी शिकून घेतली. आपल्यापैकी किती जणांनी मोडी शिकून घेतली? मोडीचे वर्ग पुराभिलेख खाते घेते, अनेक संस्थाही घेतात. तिथे आपली मुले किती दिसतात?

२०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुनी दप्तरे उघडली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. ज्या भाषेला आपण केवळ शायरीची आणि दीनी किताबांची भाषा समजून बसलो, तिच्यात दुसऱ्या समाजाच्या हक्काचा पुरावा निघाला. उर्दू शाळेच्या शिक्षकाला यापेक्षा मोठे पाठबळ कोणते हवे?

कागद कुठे आहेत

दूर जाण्याची गरज नाही. सहा जागा सांगते.

पहिली जागा काझीचे घर. निकाहाच्या नोंदवह्या म्हणजे आपल्या समाजाची चर्चबुके आहेत. नवरा-नवरीचे नाव, गाव, वकील, साक्षीदार, महर. पन्नास वर्षांच्या नोंदी ओळीने वाचल्या तर आपल्या मुली कुठल्या गावांत गेल्या, महर किती होता, कुठल्या सालापासून अंगठ्याच्या जागी सही येऊ लागली, हे सगळे कळते. स्त्रियांची नावे ज्या थोड्या कागदांत सापडतात त्यांपैकी हा एक आहे.

दुसरी जागा दर्गा आणि मशीद. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने हक्काचे पुरावे तपासले, तेव्हा लोकांनी सनदा आणि त्यांच्या नकला जपून ठेवल्या. काही पेट्यांत त्या अजूनही आहेत. मशिदीच्या दारावर शिलालेख असेल तर त्यातले साल पुष्कळदा अक्षरांत दडलेले असते. अबजद पद्धतीने प्रत्येक अक्षराला किंमत देऊन बेरीज केली की हिजरी साल निघते. अरबी-फारसी शिलालेखांची पुरातत्त्व खात्याची शाखा आपल्याच नागपुरात आहे. डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानाने तिथे काम केले.

तिसरी जागा तलाठी कार्यालय. सातबारा, फेरफार, जन्ममृत्यूचे कोतवाल बुक. चौथी जागा शाळा. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, जन्मगाव, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण असते. 'वडिलांबरोबर मुंबईस गेला' या तीन शब्दांत गिरणीचा, गोदीचा, जहाजाचा सगळा इतिहास आहे. हे रजिस्टर आम्हा शिक्षकांच्याच कपाटात असते, हे विशेष.

पाचवी जागा कब्रस्तान. आपल्याकडे कबरी साध्या असतात, बऱ्याच बिननावाच्या. म्हणूनच कोण कुठे दफन आहे हे गोरकनाला आणि म्हाताऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवले पाहिजे. सहावी जागा गावाबाहेर आहे. मुंबईत मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या हिंदी खलाशांचे स्मारक आहे. त्यावर दोन हजारांहून अधिक नावे आहेत. त्यातले कुठले नाव कुणाच्या पणजोबाचे, हे मुंबईला माहीत नसते. बंदरकाठच्या एखाद्या गावात कुणाला तरी माहीत असते.

वेळ थोडा आहे

२६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ चे पूर कोकण विसरणार नाही. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे, त्यालाही दोन्ही वेळा पाण्याने गाठले. जिथे संस्थेची ही स्थिती, तिथे घरातल्या पत्र्याच्या पेटीचे काय? जे पुरातून वाचते ते वाळवीला सापडते. वाळवीतून वाचले तर घर नवे बांधताना रद्दीत जाते. वाचता येत नाही म्हणून किंमत नाही आणि किंमत नाही म्हणून जपणूक नाही.

त्यातच वक्फचा प्रश्न आहे. २०२५ च्या दुरुस्तीने केवळ वापरावरून वक्फ मानण्याची तरतूद पुढच्या काळासाठी काढून टाकली आणि नोंदलेल्या वक्फांचा तपशील उमीद पोर्टलवर भरण्याचे बंधन आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल काय लागेल तो लागो. 'आमचे आजोबा इथेच नमाज पढत' एवढे सांगून भागण्याचे दिवस मात्र गेले. कागद असेल तर तो सापडला पाहिजे आणि सापडला तर वाचता आला पाहिजे.

मंडळ कसे उभारावे

पाच माणसे पुरेत. एक शिक्षक, एक मोडी जाणणारा, एक उर्दू-फारसी जाणणारा, एक मोबाइल चालवणारा तरुण आणि एक बाई. बाईशिवाय घरातल्या बायकांच्या आठवणी मिळणार नाहीत. मंडळ एकट्या मोहल्ल्याचे नसावे. पाटील, कुलकर्णी, बौद्ध, मराठा, मुसलमान अशा सगळ्या घरांचे असावे, कारण महजरही सगळ्यांचाच होता.

मूळ कागद कुणाच्या घरून उचलून आणू नये. तिथेच उजेडात ठेवून त्याचा फोटो घ्यावा. कागद कुणाचा, कुठे पाहिला, कोणत्या दिवशी, हे वहीत लिहावे. घडीवर जोर देऊ नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. शिलालेखाला रंग देऊ नये. भक्तिभावाने फासलेल्या ऑइलपेंटने अक्षरे कायमची बुजतात. आठवण सांगणाऱ्याचे नाव आणि वय नोंदवावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी. वर्षातून एकदा, उरुसाला किंवा जत्रेला, शाळेच्या वर्गात प्रदर्शन भरवावे. एक प्रत गावच्या वाचनालयात आणि एक जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवावी.

एक पथ्य

हे काम वकिली नव्हे. पेटी उघडली की त्यातून फक्त अभिमानाचे कागद निघत नाहीत. काझीच्या वतनासाठी सख्खे भाऊ भांडलेले निघतील. बहिणीचा वाटा बुडवलेला निघेल. खानदानी म्हणवणाऱ्यांनी पिंजाऱ्याला आणि मुलाण्याला बैठकीत कुठे बसवले, हेही निघेल. ते झाकून ठेवले तर आपण तेच करू, ज्याची तक्रार आपण इतरांविरुद्ध करत आलो. इतिहासाने आपल्याला सोयीचे बोलावे, ही मागणी दुसऱ्याने केली की आपल्याला अन्याय वाटते. आपणही ती करू नये.

गावाच्या एका घरात मोडीचे रुमाल आहेत, दुसऱ्या घरात फारसी सनद आहे. दोन्ही घरे एकाच गल्लीत आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ पाठवत आहेत. कागद मात्र एकमेकांना कधी दाखवलेले नाहीत. ते दोन कागद एका सतरंजीवर मांडायचे आणि दोन वाचकांनी शेजारी बसून वाचायचे, एवढेच काम आहे. या वर्षी एका गावाने ते केले तरी पुढच्या अंकासाठी आपल्याकडे लिहिण्यासारखे काही असेल.